रिटर्नची गाडी

पाचोडच्या मोसंबीचा भाव दिल्लीच्या आझादपूर मंडईत ठरतो, असं पैठण तालुक्यात कुणीही सांगेल. ते अर्धं खरं आहे. उरलेला अर्धा भाव वाळूज, शेंद्रा आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतींच्या फाटकांवर ठरतो, आणि तिथे मोसंबीचं नावही कुणी काढत नाही. तिथला हिशेब एवढाच असतो की आज उत्तरेकडून किती गाड्या माल घेऊन आल्या आणि त्यातल्या किती जणांना परतीचं भाडं हवं आहे.

ट्रान्सपोर्टच्या धंद्यात याला ‘रिटर्न’ म्हणतात. हरियाणातून यंत्रांचे सुटे भाग घेऊन एखादी गाडी वाळूजला येते. येतानाचं भाडं ठरलेलं असतं. माल उतरला की मालकाच्या जिवाला घोर लागतो. गाडी मोकळी नेली तरी डिझेल जळतं, टोल कटतो, टायर झिजतात आणि चालकाचा खर्च चालूच राहतो. गाडी उभी ठेवली तर बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही. मग डिझेल-टोल सुटून वर चार पैसे उरतील असं कुठलंही भाडं तो घेतो. वाळूजहून तासा-दोन तासांवर पाचोडच्या बाजारात मोसंबीचा व्यापारी अशाच गाडीची वाट पाहत असतो.

उदाहरणापुरते आकडे धरू. गाडीत 16 टन मोसंबी बसली आणि दिल्लीचं रिटर्न 64 हजारांत मिळालं, तर किलोमागे वाहतूक पडली 4 रुपये. त्या आठवड्यात रिटर्नच्या गाड्या नसल्या आणि मुद्दाम गाडी मागवून 96 हजार मोजावे लागले, तर पडले 6 रुपये. हे वरचे 2 रुपये कोण भरतो? दिल्लीचा ग्राहक नाही, त्याच्यासमोर इतर ठिकाणांची फळंही असतात. व्यापारीही नाही. तो लिलावात बोली लावण्याआधीच आझादपूरच्या अंदाजे भावातून भाडं, हमाली, तिकडची आडत, वाटेतली नासाडी आणि स्वतःचा नफा वजा करून बसलेला असतो. उरेल तो आकडा म्हणजे त्याची बोली. म्हणजे वरचे 2 रुपये शेतकऱ्याच्या पट्टीतून गेले. ज्याची 10 टन मोसंबी आहे त्याचे 20 हजार गेले, आणि का गेले ते त्याला कुणी सांगितलंही नाही. ‘आज मार्केट डाऊन आहे’ एवढं ऐकून तो घरी जातो.

2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा शेतकऱ्यांचा मोठा खर्च वाचला म्हणून गाजावाजा झाला. कागदावर तो वाचलाही. पण खरेदीदार जे काही भरतो ते बोलीतूनच वळतं करतो, ही बाजाराची जुनी रीत कुठल्याही अध्यादेशाने बदलत नाही. भाड्याचंही तसंच आहे.

पैठण तालुक्याचा नकाशा पाहिला की हा विषय इथेच का उभा राहतो ते कळतं. तालुक्यातून दोन वाहते रस्ते जातात. पहिला संभाजीनगरहून पैठणला येणारा. त्यावर चितेगाव लागतं, जिथे व्हिडिओकॉनचा कारखाना होता. एके काळी इथून देशभर टीव्ही आणि फ्रिज जात. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि त्या मालाबरोबर त्याच्या गाड्याही गेल्या. पुढे बिडकीन, ढोरकीन, इसारवाडी आणि मग नाथांचं पैठण. दुसरा रस्ता आडूळ आणि पाचोडवरून बीडकडे जाणारा. हा राष्ट्रीय महामार्ग 52, पंजाबातल्या संगरूरहून निघून जयपूर, कोटा, इंदूर, धुळे, संभाजीनगर, सोलापूर, हुबळी करत कर्नाटकात अंकोल्याला समुद्राजवळ संपणारा. पाचोडच्या शेतकऱ्याच्या बांधाला लागून राजस्थान आणि कर्नाटक जोडणारा रस्ता जातो. गावात मोसंबीचा एवढा मोठा बाजार उभा राहण्यात त्या डांबराचा वाटा पाण्याइतकाच आहे.

पाण्याचंही सांगायला हवं. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ऑक्टोबर 1965 मध्ये झाली, लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते फेब्रुवारी 1976 मध्ये. नाथसागराचं पाणी कालव्याने खाली गेलं, बागा मात्र बऱ्याचशा विहिरींवर, पुढे बोअरवर आणि शेततळ्यांवर वाढल्या. 2012च्या दुष्काळात पैठण, अंबड, बदनापूर भागातल्या शेकडो बागा वाळल्या आणि लोकांनी जड हाताने कुऱ्हाड लावली. टँकरने झाडं जगवणारेही होते. तरीही हा पट्टा मोसंबी सोडत नाही. ‘जालना मोसंबी’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, आणि इसारवाडीच्या रोपवाटिकेत सिट्रस इस्टेट मंजूर झाली. झाड, कलम, बहार, खत, फळगळ यांवर बोलायला माणसं आहेत. गाडीवर बोलायला कुणी नाही.

आणि गाडीचं वेळापत्रक मोसंबीला नेमकं आडवं येतं. आंबे बहाराची फळं पावसाळ्याच्या उत्तरार्धात उतरू लागतात आणि दसरा-दिवाळीपर्यंत बाजार भरलेला असतो. याच दिवसांत कारखाने सणाच्या मागणीसाठी जोरात चालतात. वाळूजला 1985 पासून बजाजच्या दुचाकी बनतात, त्यांच्याभोवती सुट्या भागांचं मोठं जाळं आहे. दिवाळीआधी या सगळ्यांनाच गाड्या हव्या असतात आणि कारखान्याला मोसंबीवाल्यापेक्षा चढं भाडं परवडतं. मग लक्ष्मीपूजन येतं. कारखान्यांना सुटी लागते, उत्तरेकडून गाड्या यायच्या थांबतात, चालक घरी जातात. बागेतली मोसंबी मात्र पाडव्याची सुटी घेत नाही. पिकलेलं फळ झाडावर ठेवलं तर गळतं, तोडलं तर न्यायला गाडी नाही. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चला येतात, तेव्हा कारखान्यांची आर्थिक वर्ष संपण्याआधी माल बाहेर काढण्याची घाई असते. दोन्ही बहारांत शेतकरी नेमका उद्योगाच्या गर्दीच्या वेळी रस्त्यावर येतो. दुष्काळ आणि अतिवृष्टी यांची भरपाई मागता येते, याची नाही.

गावातून मालाच्या गाड्या बाहेर पाठवण्याचा पैठणचा अनुभव मात्र आजकालचा नाही. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे ग्रीक भाषेतलं व्यापाऱ्याचं टिपण इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, या दख्खनच्या मोठ्या बाजारपेठा म्हणून येतात. पैठण भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर, असं लेखक सांगतो. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरहून कापड, हा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेत. वीस दिवसांचं ते अंतर आज ट्रक एका रात्रीत तोडतो. सातवाहनांनी घाट खोदले आणि घाटावर वसुलीही केली. नाणेघाटातला दगडी रांजण आजही जकातीचा रांजण म्हणून दाखवतात. म्हणजे रस्ता आणि नाका ही जुळी भावंडं आहेत.

पुढे सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने हिंदुस्थानातले धान्य आणि मीठ वाहणारे दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. समोरून असा तांडा आला की प्रवाशाला दोन-तीन दिवस बाजूला थांबावं लागे, असं तो नोंदवतो. आपल्या घाटांतल्या कोंडीची परंपरा एवढी जुनी आहे तर! मोगलांच्या दख्खन मोहिमांचं धान्य याच बंजारा तांड्यांनी वाहिलं. उद्योगाचा आणि शेतीचा मुलूख वेगळा नव्हता तेव्हाही हिशेब तोच होता: एका बाजूने धान्य, परतताना मीठ. मोकळे बैल हाकणं बंजाऱ्यालाही परवडत नव्हतं.

सीमा तर पैठणच्या दारातच होती. गोदावरीचा उत्तर काठ निजामाचा, पलीकडचा शेवगावचा भाग इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. नदी ओलांडणारा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा आणि निजामाचं करोडगिरी खातं त्यावर शेकडा पाच वसूल करायचं. घराघरांतल्या सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांना होत्या, पण कापसाच्या गाडीला चिठ्ठी लागत होती. 1948च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात आलं, करोडगिरी पुसली जायला मात्र आणखी काही वर्षं गेली. त्याआधीच, 1900च्या सुमारास, मनमाड–सिकंदराबाद रेल्वे झाली, ती संभाजीनगर आणि जालन्यावरून गेली, पैठण बाजूलाच राहिलं. ती रेल्वेही मीटरगेज. मनमाडला ब्रॉडगेजच्या वाघिणीत माल उतरवून पुन्हा भरावा लागे. मराठवाड्यात ट्रकने रेल्वेला हरवलं त्याचं एक मोठं कारण मनमाडच्या फलाटावरची ती दुहेरी हमाली होती. 1990च्या दशकात रूळ रुंद झाले, तोवर व्यापाऱ्याचा हात ट्रकला सरावला होता. ऑगस्ट 2020 मध्ये देवळाली–दानापूर ही पहिली किसान रेल सुटली, भाड्यात निम्मी सवलतही होती. पण पाचोडची मोसंबी स्टेशनपर्यंत न्यायला ट्रक लागतो, पलीकडे उतरून मंडईत न्यायला दुसरा ट्रक लागतो. दोनदा चढउतार झालेलं फळ दाबलं जातं. व्यापारी विचारतो, मग पहिल्याच ट्रकने का जाऊ नये? त्याला उत्तर देणं अवघड आहे.

नाके मात्र खरोखर कमी झाले, हे मान्य केलं पाहिजे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. एप्रिल 2018 पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल लागतं. त्याची मुदत अंतरावर ठरते, 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस. ताज्या फळांना ना कर, ना ई-वे बिल. इथे एक गंमत आहे. वाळूजच्या यंत्राच्या भागाला सरकार घड्याळ लावतं, मोसंबीला लावत नाही, कारण मोसंबीचं घड्याळ तिच्या सालीतच असतं. संत्र्यापेक्षा ती सोशिक, तरी ताडपत्रीखाली उकाड्यात दोन दिवस जास्त गेले की तळाचा थर पाणी सोडतो. आझादपूरच्या आडत्याला मग भाव पाडायला कारण मिळतं.

ते दोन दिवस कुठे जातात? पहिला अडथळा घरातच आहे. कन्नड आणि चाळीसगावच्या मधला औट्रम घाट हा पाचोडहून धुळ्याकडे जाणाऱ्या गाडीचा सरळ रस्ता. दरडी आणि कोंडी यांनी तो इतका बदनाम झाला की 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाट बंद झाला. गाड्या शिऊर बंगला, नांदगावमार्गे वळल्या. डोंगरातून बोगदा काढण्याची चर्चा त्याआधी कित्येक वर्षं चालू होती. राष्ट्रीय महामार्गाच्या नकाशावर सलग दिसणारी रेघ ट्रकसाठी मधेच तुटते, आणि तुटलेल्या तुकड्याचं जास्तीचं डिझेल पुन्हा बोलीतून वजा होतं. चूक घाटाची, दंड बागायतदाराला.

धुळ्यानंतर शिरपूर, मग मध्य प्रदेशची हद्द आणि बिजासन घाट. देवीचं देऊळ वाटेतच आहे. चालक गाडी बाजूला घेऊन हात जोडतो, उतार मोठा आहे. पुढचा सेंधव्याचा परिवहन नाका देशभरच्या ट्रकवाल्यांत कुप्रसिद्ध होता. तिथल्या वसुलीविरुद्ध वाहतूकदारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला. अखेर 1 जुलै 2024 पासून मध्य प्रदेशने आपले परिवहन नाके बंद केले; गुजरातने ते 2019 मध्येच केलं होतं. नाका बंद झाल्याचा फायदा मोसंबीच्या बोलीत उतरला का, हे विचारलं की बाजारात सगळे हसतात. खर्च वाढला की बोलीत लगेच दिसतो, कमी झाला की वाटेत कुठे मुरतो ते कळत नाही.

या गाडीत बसलेल्या माणसाचा हिशेब आणखी वेगळा. 1961च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास काम सांगितलं होतं. बाराशे-तेराशे किलोमीटरची दिल्ली आठ-आठ तासांनी करायची तर मोसंबीचा रस वाटेतच निघेल. पैसे बहुतेक फेरीवर मिळतात, त्यामुळे झोपेचा प्रत्येक तास चालकाच्या खिशातून जातो. क्लीनर ठेवणं कित्येक मालकांनी सोडलं, म्हणजे रात्री बोलायलाही कुणी नाही. भरताना हमाली, उतरवताना हमाली. वर ‘वाराई’च्या नावाखाली माल उतरवण्याचे पैसे गाडीवाल्याकडूनच मागितले जातात. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच आली. हमालांच्या बाजूने 1969चा माथाडी कायदा आहे, आणि तो हवाच. पाठीवर क्रेट घेऊन फळीवरून चढणाऱ्या माणसाला तुच्छ लेखून हा प्रश्न सुटणार नाही. पण चालकाच्या बाजूने असं काय आहे? जुलै 2018 मध्ये केंद्राने धुरामागची वजनमर्यादा वाढवली. दहा टायरच्या गाडीचं एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टन झालं. मालकाची तीन-साडेतीन टनांची सोय झाली, गाडी ओढणारा माणूस तोच आणि तेवढाच राहिला. 2025 मध्ये नव्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, हे चांगलंच. जुन्या गाड्या रस्त्यावरून जाईपर्यंत एक पिढी निवृत्त होईल.

चालक नाही तर काय होतं ते मराठवाड्याने 1 आणि 2 जानेवारी 2024 ला पाहिलं. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली आणि चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघाले नाहीत, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. अपघातानंतर थांबलं तर जमाव जिवंत सोडत नाही आणि पळालं तर दहा वर्षं, हा चालकांचा सवाल बिनतोड होता. जुलै 2024 मध्ये संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवावं लागलं. शहराने त्या दोन दिवसांत पेट्रोलची काळजी केली. बाजारात अडकलेल्या फळांची बातमी आतल्या पानावर गेली.

मोसंबीची सीमा निदान देशातली. याच जिल्ह्यातल्या वैजापूर, लासूर, पैठणच्या कांद्याची गाठ खऱ्या सीमेशी पडते. बांगलादेश हे आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक राहिलं आहे. गाडी सुमारे दोन हजार किलोमीटर तोडून पश्चिम बंगालात पेट्रापोल, घोजाडांगा किंवा महदीपूरला पोचते, तिथे दिवसेंदिवस पार्किंगमध्ये उभी राहते आणि पलीकडच्या आवारात माल बांगलादेशी ट्रकमध्ये पलटी होतो. 14 सप्टेंबर 2020 ला दिल्लीने निर्यातबंदीचा आदेश काढला तेव्हा वाटेवरच्या आणि सीमेवरच्या गाड्या जिथल्या तिथे थिजल्या आणि कांदा गोणीतच सडू लागला. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठून पुन्हा शुल्क, सप्टेंबरात ते 20 टक्के, आणि एप्रिल 2025 पासून शून्य. निजामाची करोडगिरी निदान पिढ्यान्‌पिढ्या शेकडा पाचच राहिली होती. पाच दिवसांच्या प्रवासाला निघालेल्या गाडीला पोचेपर्यंत कुठला नियम लागू असेल हे सांगता येत नसेल, तर व्यापारी ती जोखीम कुठून वसूल करतो हे आता वाचकाला सांगायला नको.

आता बिडकीन. पैठण तालुक्यातल्याच 7,855 एकरांवर दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातलं ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीचा हा दुसरा भाग उभा राहतोय. सप्टेंबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी तो राष्ट्राला अर्पण केला. त्याआधी जुलैत टोयोटा किर्लोस्करने मोटार कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा जून 2025 मध्ये खुला झाला, 701 किलोमीटर सलग. मोटारीचा कारखाना म्हणजे सुट्या भागांच्या गाड्यांची रोजची रीघ. आजवर पैठणच्या मोसंबीला रिटर्नची गाडी वाळूजहून किंवा जालन्याहून मागवावी लागे, ती उद्या बिडकीनला, घरच्या अंगणात मोकळी होईल. एवढी अनुकूल जुळणी या तालुक्याच्या वाट्याला सातवाहनांनंतर आली नसेल.

पण ती आपोआप फळणार नाही. बिडकीनची आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कारखान्यात येणारा आणि कारखान्यातून जाणारा माल आहे. मोकळी गाडी त्यांच्या लेखी फाटकाबाहेर गेली की संपली. तिला थांबायला वाहनतळ, चालकाला अंघोळ आणि झोप मिळेल अशी जागा, आणि दिवाळीच्या आठवड्यात गाड्या येणार नाहीत तेव्हा तोडलेली मोसंबी ठेवायला पाचोडला शीतगृह, या तीन गोष्टी बागायतदारांनी आत्ताच मागून घ्यायला हव्यात. कारखाने उभे राहिल्यावर कुणी ऐकणार नाही. आणि चौथी मागणी तर फुकटात होण्यासारखी आहे. बाजार समिती रोज फलकावर मोसंबीचा किमान, कमाल आणि सरासरी भाव लिहिते. त्याच फलकावर त्या दिवशीचं दिल्ली, जयपूर आणि कोलकात्याचं टनामागचं भाडं लिहावं. खडू तोच आहे, आकडा ट्रान्सपोर्टच्या प्रत्येक कार्यालयात तयार असतो. पैठण बाजार समितीने येत्या मृग बहारापासून हे सुरू करावं आणि पाचोडच्या शेतकऱ्यांनी लिलावाला उभं राहण्याआधी तो आकडा विचारल्याशिवाय राहू नये.